मामाकडे वाढलेल्या काकाजींना

नमस्कार काकाजी,

तुमचा राग पोचला. आई गेल्यावर तुम्ही नागपूरच्या महाल भागात मामाकडे वाढलात, मारही खाल्ला, तरी डोकं शाबूत आहे. आणि मी अमेरिकेतले आकडे आणून परक्या घरी वाढलेल्या प्रत्येक पोरावर वेडाचा शिक्का मारतो, असं तुमचं म्हणणं.

शिक्क्याची भीती रास्त आहे. बालपणी सोसलेल्या आघातांची बेरीज मांडणारा सॅन दिएगोचा अभ्यास 1998 साली छापून आला. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत नैराश्य, दारू, आत्महत्येचे प्रयत्न कैक पटींनी जास्त आढळले. पण ते हजारो माणसांचं मिळून चित्र होतं. ही बेरीज एकेकट्याचं भविष्य सांगायला वापरू नका, असं त्याच अभ्यासातले रॉबर्ट अँडा यांनी 2020 मध्ये बजावलं. ती काही जन्मपत्रिका नव्हे.

आता ज्या आकड्यावर तुम्ही चिडलात तो. ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत सरकारनं सांभाळायला सोपवलेल्या परक्या कुटुंबांकडे राहून मोठ्या झालेल्यांचा अहवाल 2005 साली आला. त्यांत चारांतल्या एकाला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे उरणारा मानसिक विकार, होता. मात्र अहवालातल्या सगळ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांनी लहानपणी आठ किंवा त्याहून जास्त ठिकाणं बदलली होती. माझा मुद्दा इथं आहे. तुम्हीच लिहिलंय, ‘लग्नापर्यंत त्याच घरी होतो, मामी माझं ताट झाकून ठेवायची.’ मार बसला, पण पिशवी भर आणि चल, असं कोणी म्हटलं नाही. शिवाय घरात एक मोठं माणूस तुमच्या बाजूनं होतं. घरं बदलत वाढणाऱ्या पोरांना नेमकं हेच मिळत नाही.

‘आमच्या वेळी असले विकार नव्हते’ हे राहू द्या. नागपुरात मनोरुग्णालय 1864 पासून आहे.

नातेवाइकांकडे मूल सुखरूपच असतं, हेही मला पटत नाही. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत नातेवाइकांना महिन्याला पैसे मिळतात, गृहभेटही व्हायला हवी. पण भेटीला आलेल्या ताईंसमोर अख्खं घर बसलेलं असेल तर पोट्टं बोलणार काय? त्याला एकट्याला विचारायला हवं, तेही पुन्हा पुन्हा.

आणि अठराव्या वर्षाचं काय? बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, तीही साधारण 21 पर्यंतच. तुमचं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं म्हणता. तोवर मामानं घर सोडायला सांगितलं नाही.