व्याख्यानांची यादी फिल्डवर्कच्या डायरीतून काढा

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की समाजकार्य महाविद्यालयांत आणि विद्यापीठाच्या विभागांत वर्षभराच्या व्याख्यानांची, उपक्रमांची यादी बनते. ११ जुलै लोकसंख्या दिन, १ डिसेंबर एड्स दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन, मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन. दिनविशेष धरले की तारखा आयत्या मिळतात आणि नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीची सोय होते. पण अशी यादी जळगावात लावा नाहीतर लातुरात, एकही ओळ बदलावी लागत नाही. आपले विद्यार्थी आठवड्यातले दोन दिवस ज्या गावांत, वस्त्यांत, दवाखान्यांत जातात, तिथलं त्या यादीत काहीच नसतं. माझं मत स्पष्ट आहे: व्याख्यान हा फिल्डवर्कचाच भाग आहे आणि त्याचा विषय विद्यार्थ्यांच्या डायरीतून निघाला पाहिजे.

हे करायला फार काही लागत नाही. फिल्डवर्क सुरू झाल्यापासून पहिले सहा आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक चिठ्ठी द्यायची: ‘या आठवड्यात कुणी काय विचारलं, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही?’ वर्गात चाळीस जण असतील तर सहा आठवड्यांत २४० चिठ्ठ्या होतात. समूह परिषदेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटबैठकीत, त्या जमिनीवर पसरून एकसारख्या एकत्र लावल्या की पाच-सहा ढीग पडतात. तेच वर्षाचे विषय. पहिल्या दोन आठवड्यांत हमखास एक चूक होते. मुलं ‘जनजागृतीचा अभाव’, ‘व्यसनाधीनतेची समस्या’ असं लिहून देतात. ती चिठ्ठी परत करावी आणि विचारावं, कोण अडलं, कुठे अडलं, कोणत्या कागदावाचून अडलं? मग त्याच चिठ्ठीवर येतं, ‘सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डावर आहे, इथे धान्य मिळत नाही.’ अशा प्रश्नावर पुरवठा निरीक्षकाला बोलावता येतं. ‘अभावा’वर कुणालाच बोलावता येत नाही.

विषय ठरले की ते हंगामावर बसवायचे. महाविद्यालयं नेमकी इथेच चुकतात. नंदुरबार जिल्ह्यातून आणि धुळे-जळगावच्या सातपुड्यालगतच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. बऱ्याच दक्षिण गुजरातेत जातात. स्थलांतरावरचं व्याख्यान डिसेंबरात ठेवलं तर विद्यार्थी जातात त्या गावात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं तेवढी उरलेली असतात. हे व्याख्यान सप्टेंबरच्या शेवटी हवं आणि त्याला जोडून ऑक्टोबरात एक काम हवं: जाणाऱ्या कुटुंबांची यादी. कुटुंबात किती माणसं, सहा वर्षांखालची मुलं किती, कोणाचं लसीकरण अर्धवट आहे, कोण गरोदर आहे, रेशनकार्डातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालंय का, टोळीचा मुकादम कोण. ई-केवायसी पूर्ण असेल तर त्याच कार्डावर गुजरातेतही धान्य उचलता येतं, पण ते निघण्याआधी तपासावं लागतं. यादीची एक प्रत आशाताईकडे, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्यायची. मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवायचं असेल तर शाळेच्या हातात आकडा आधीच असावा लागतो. टोळी निघून गेल्यावर केलेली यादी कुणाच्याच कामाची नसते.

तसंच आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच मुहूर्तावर लग्नंही लागतात. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ च्या कलम १३ मध्ये अक्षय तृतीयेचा नावाने उल्लेख आहे. अशा दिवशी होणारे सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात. खान्देशात शिकणाऱ्या समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पाठ असायला हवं. पण व्याख्यान आखाजीच्या आठवड्यात ठेवून उपयोग नाही, तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात. फेब्रुवारीत ठेवा. त्यात भाषण कमी आणि क्रम जास्त शिकवा: वयाचा पुरावा कुठून काढायचा (जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा), गावपातळीवर ग्रामसेवकाला लेखी कसं कळवायचं, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर काय सांगायचं, न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाईहुकूम कसा मिळतो. मनाईहुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्याने मुळातच रद्द ठरतं. विद्यार्थ्याने एकट्याने मुलीच्या घरी जाऊन वाद घालायचा नाही, हेही त्याच दिवशी सांगा. उत्साहात तसं केलं की लग्नाची जागा आणि वेळ गुपचूप बदलते आणि मुलगी आणखी एकटी पडते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सातपुड्यात फिल्डवर्क करणाऱ्याला हा विषय टाळताच येत नाही आणि यावर सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो, पण तेव्हा महाविद्यालयात प्रवेशाची धावपळ सुरू असते. त्यामुळे हा विषय ऑगस्टात, फिल्डवर्कची जागा ठरल्यावर घ्यावा. पहिली गोष्ट तपासणीची. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे (एएस, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलांत जाऊ शकतो) की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्याशिवाय कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती चाचणी फसवी ठरते, कारण बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. विद्यार्थी पहिल्या चाचणीवरूनच डायरीत ‘सिकलसेल रुग्ण’ लिहून मोकळे होतात. गावात तो शब्द पसरतो आणि वाहक असलेल्या, एरवी धडधाकट मुलीचं लग्न मोडतं.

दुसरी गोष्ट चारात एकाची. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. लोक याचा अर्थ ‘चार पोरांत एक आजारी, एक झालं म्हणजे बाकीची सुटली’ असा घेतात. हे शब्दांनी समजावता येत नाही, हातांनी समजतं. प्रत्येक जोडीला दोन डबे द्या, एक आईचा, एक वडिलांचा. प्रत्येक डब्यात एक पांढरं आणि एक काळं बटण. न बघता दोन्ही डब्यांतून एकेक बटण काढायचं, नोंदवायचं, परत टाकायचं. असं वीस वेळा. दोन्ही काळी निघाली तर आजार. पंधरा जोड्यांच्या मिळून ३०० नोंदी होतात आणि फळ्यावर बेरीज केली की दोन काळ्यांचा आकडा ७५ च्या आसपास येतो. पण एखाद्या जोडीला लागोपाठ दोनदा, तीनदा काळी निघालेली असतात, आणि ते बघितल्यावर ‘प्रत्येक वेळी नव्याने’ याचा अर्थ उमगतो. बटणांऐवजी दादर (ज्वारी) आणि उडीद घेऊ नका. दोन्ही दाणे वेगवेगळे, बोटाला लगेच कळतात आणि सगळा खेळ बिघडतो. हाच खेळ पुढे आश्रमशाळेतही नेता येतो.

त्याच सत्रात दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्यात. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अंगमेहनतीचा अतिरेक यांनी वेदनेचा झटका येतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हात रोजगाराला जाणाऱ्या रुग्णाला पाण्याची बाटली हा उपचाराचाच भाग आहे. आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा आजार येतो, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ही माहिती पाड्यावर फार उशिरा पोचते.

आता प्रत्यक्ष व्याख्यानाबद्दल. दीड तासाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय, प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांत निम्मा वेळ जातो. प्रश्नांना उरतात पाच मिनिटं, आणि तीही ‘वेळेअभावी’ रद्द होतात. मी वेळ अशी लावेन: पहिली दहा मिनिटं एका विद्यार्थ्याने नावगाव बदलून आपली एक केस मांडायची, मग पस्तीस मिनिटं पाहुण्यांची, तीस मिनिटं प्रश्नांची, आणि शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येक गटाने ‘पुढच्या फिल्डवर्कला आम्ही काय करू’ हे एका ओळीत लिहायचं. पाहुण्यांना आठवडाभर आधी एका कागदावर पाच प्रश्न पाठवा, चिठ्ठ्यांच्या ढिगातलेच. नाहीतर येणारा माणूस कुठल्याही सभेत चालेल असं भाषण देऊन जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पाहुणा म्हणजे अधिकारी किंवा प्राध्यापकच, हेही सोडायला हवं. आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक, वनहक्क समितीचा सचिव, दारूतून बाहेर पडलेला माणूस, यांच्याकडे जे आहे ते पुस्तकात नाही. पण त्यांना बोलावताना त्यांचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. धडगावहून जळगावला येणाऱ्याला मुक्काम लागतो, त्याची सोय धरा. प्राध्यापकाला मानधनाचं पाकीट आणि आशाताईला नुसता गुलाब, हा भेद समाजकार्य शिकवणाऱ्या जागी मला सहन होत नाही. त्यांना व्यासपीठावर उभं करून ‘दोन शब्द बोला’ म्हणू नका. गोलात बसवा, एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारत जावं. पावरी (सातपुड्यातल्या आदिवासींची बोली) बोलणाऱ्या बाईंना मराठीत बोलायला लावू नका, दुभाष्या ठेवा.

आणि नोंद ठेवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. अठरा रविवार. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं म्हणून तुरुंगाच्या भिंतीआडचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं. आपल्या महाविद्यालयांत व्याख्यानाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो जपून ठेवला जातो, व्याख्यान नाही. दर वेळी दोन विद्यार्थ्यांवर लेखनाची जबाबदारी द्या, दोघांचं जुळवून दोन दिवसांत चार पानं तयार करा आणि पुढच्या तुकडीला फिल्डवर्कला जाण्याआधी वाचायला द्या.

इतिहासाचं एक व्याख्यान वर्गाबाहेर हवं. मुलांना शिकागोचं हल हाउस (गरीब वस्तीत राहून काम करणारं समाजकार्याचं केंद्र) माहीत असतं, पण तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज आणि त्यांनी उभी केलेली दारूबंदी माहीत नसते. १९७० च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या सोबतीने जमिनीसाठी झालेला लढा आणि दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाया, हेही माहीत नसतं. समुदाय संघटन शिकवायला याहून जवळचं काय आहे?

पथनाट्याबद्दल थोडं. बारा ते पंधरा मिनिटं, आठ-दहा जण, एक ढोलकी, माइक नाही. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र. आठवडे बाजारात करायचं तर ऐन गर्दीच्या मध्ये उभे राहू नका, दुकानदार वैतागतात आणि कुणाला ऐकूही जात नाही. माणसं सौदा आटोपून गाडीची वाट बघत बसतात तिथे, पाठीला भिंत धरून करा. अमळनेरकडे अहिराणीत बसवलेलं नाटक धडगावच्या बाजारात तसंच नेलं तर हसू येतं, अर्थ पोचत नाही. तिथे पावरी बोलणारी मुलं पुढे हवीत. नाटक संपल्यावर लगेच निघून येऊ नका. ‘तुमले काय वाटस?’ असं विचारत अर्धा तास थांबायचं. लोक जे बोलतात ते वहीत उतरवायचं आणि त्यातून पुढच्या चिठ्ठ्या निघतात. पीडित मुलाचा किंवा मुलीचा फोटो, नाव, गाव कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हाही.

ग्रामीण शिबिरात घरोघर सर्वेक्षण होतं, फॉर्म भरून शहरात येतात आणि कपाटात जातात. या वर्षीच्या नियोजनात एक तारीख आधीच टाकून ठेवा: शिबिरानंतरच्या पहिल्या ग्रामसभेची. त्या दिवशी दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक गावात जातील आणि मोठ्या कागदावर आकडे लिहून वाचून दाखवतील: किती घरांत शौचालय बंद पडलंय, किती मुलं शाळेबाहेर, किती विधवांची पेन्शन अडलीय. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून, सरपंचांची आणि ग्रामसेवकांची पोच घेऊन परत यायचं.