अशिलाचे नाव सवडीने भरावे

वकिली कार्यालयाच्या कामाला पहिला अडथळा कोणाचा होत असेल, तर तो अशिलाचा. तो आधी नाव सांगतो, मग कंपनीचे नाव वेगळे असल्याचे सांगतो, मग ओळखपत्राची प्रत उद्या पाठवतो म्हणतो. आणि तोवर कामाचे तास मोजणारे घड्याळ सुरूच करता येत नाही. म्हणून प्रकरण-व्यवस्थापनाचे नवे सॉफ्टवेअर बसवताच ‘अशील’ या रकान्यापुढचे लाल तारांकित चिन्ह काढून टाकावे. रकाना ऐच्छिक झाला की प्रकरण क्रमांक तत्काळ मिळतो, आणि क्रमांक मिळाला की काम सुरू झाले असे मानण्यास कोणाचीच हरकत नसते.

काही हटवादी प्रणाली नावावाचून पुढे सरकत नाहीत. त्यांच्यासाठी ‘अज्ञात अशील’ अशी एक कायमची नोंद करून ठेवावी, जन्मतारीख 1 जानेवारी 1900 टाकावी आणि ईमेलच्या जागी आपल्याच कार्यालयाचा पत्ता द्यावा. प्रत्येक सहकारी हीच नोंद वापरू लागला की वर्षअखेरच्या अहवालात हा सव्वाशे वर्षांपुढचा गृहस्थ आपला सर्वांत मोठा अशील ठरेल. त्याने त्या एका वर्षात घटस्फोट मागितलेला असेल, दोन कंपन्या विकलेल्या असतील, अपघाताची भरपाई मागितलेली असेल आणि तीच भरपाई देण्यास ठाम नकारही दिलेला असेल.

हितसंबंधांच्या संघर्षाची तपासणी या पद्धतीत फारच सुखावह होते. सॉफ्टवेअर नव्या अशिलाचे नाव जुन्या अशिलांच्या आणि प्रतिपक्षांच्या नावांशी ताडून पाहते. नावच नसेल तर ताडायचे काय? अहवाल दरवेळी स्वच्छ येतो. वादी तळमजल्यावरच्या सहकाऱ्याकडे आणि प्रतिवादी वरच्या मजल्यावर आपली गुपिते सांगत बसला असेल, तरी पडद्यावर हिरवी खूण असते. (ही खूण छापून फाइलीत लावावी, तपासणी केल्याचा तोच पुरावा.)

फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स ही काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालण्यासाठी 1989 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था मात्र या विषयात अरसिक आहे. ग्राहकाची ओळख पटवा, त्याच्यामागचा खरा लाभधारक शोधा, असे तिची शिफारस क्रमांक 10 सांगते, आणि शिफारस क्रमांक 22 हेच बंधन मालमत्तेची खरेदी-विक्री किंवा अशिलाच्या पैशांची देखभाल करणाऱ्या वकिलांवरही घालते. तरी धीर सोडू नये. जोखीम आटोक्यात असेल आणि व्यवहार खोळंबू नये म्हणून आवश्यक असेल, तर पडताळणी शक्य तितक्या लवकर, पण नंतर पूर्ण करण्याची मुभा तिथे आहे. यातील ‘नंतर’ हा शब्द तेवढा उचलावा, बाकीचे वाक्य सोडून द्यावे आणि ‘ओळख पडताळणी’ या कामाची मुदत प्रकरण बंद होण्याच्या दिवशी लावावी.

नोटिशीचा मसुदा साच्यातून आपोआप निघतो. ‘आमच्या अशिलांच्या सूचनेवरून व त्यांच्या वतीने’ हे शब्द कोणीही सूचना दिलेली नसताना अधिकच भारदस्त वाटतात. मोकळ्या जागेत प्रणालीने रकान्याचे नाव चौकटी कंसासकट छापले, तर ती परदेशी कंपनी असावी असा प्रतिपक्षाचा समज होऊ द्यावा.

राहता राहिले बिल. ते ‘अज्ञात अशील’ यांच्या नावाने निघते आणि आपल्याच पत्त्यावर येते. 30 दिवसांनी स्मरणपत्र, 60 दिवसांनी दुसरे. 90व्या दिवशी सॉफ्टवेअर थकबाकी वसुलीचे नवे प्रकरण स्वतःहून उघडते. या खेपेस अशिलाचा रकाना अचूक भरलेला असतो, कारण अशील म्हणजे आपलेच कार्यालय. प्रतिपक्ष ‘अज्ञात अशील’. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पडद्यावर लाल सूचना झळकते, की सदर प्रतिपक्ष हा आपला विद्यमान अशील असल्याने हे प्रकरण स्वीकारता येणार नाही.