अल्फा ०.७०च्या वर गेला म्हणजे मापन सिद्ध झालं, असं नाही

माहिती प्रणालींवर संशोधन करणाऱ्यांमध्ये एक समज फिरतोय: क्रॉनबॅक अल्फा ०.७०च्या पुढे गेला की प्रश्नावली वैध ठरली, आता स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल (संकल्पनांमधले संबंध तपासणारं सांख्यिकीय मॉडेल) खुशाल चालवा. हे चूक आहे, आणि या चुकीपायी विद्यार्थ्यांची वर्षभराची मेहनत वाया जाते, म्हणून हा खुलासा.

अल्फा वैधता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, हे मोजतच नाही. एका संकल्पनेचे प्रश्न आपापसांत किती जुळतात, याचा तो अंदाज देतो. आणि प्रश्न वाढवले की तोही वाढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३० धरा. तीन प्रश्नांना प्रमाणित अल्फा ०.५६ येतो, दहांना ०.८१. सहसंबंध मात्र तसूभरही बदललेला नाही! 'ही प्रणाली उपयुक्त आहे', 'ही प्रणाली मला उपयोगी पडते', 'मला या प्रणालीचा उपयोग होतो' असं एकच वाक्य तीनदा विचारलं, तर अल्फा चढणारच.

त्याहून गंभीर बाब फॉर्मेटिव्ह निर्देशकांची, म्हणजे जे घटक मिळून संकल्पना घडवतात त्यांची. प्रणालीची गुणवत्ता वेग, सुरक्षितता आणि वापरसुलभता यांतून घडते असं मानलं, तर हे तिन्ही एकमेकांशी जुळायलाच हवेत असं नाही. वेगवान प्रणाली असुरक्षितही असू शकते. इथे अल्फा लावणंच गैर. 'जुळत नाही' म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न गाळला, की संकल्पनेचाच अर्थ बदलतो. तिथे प्रत्येक निर्देशकाचं वजन आणि बहुसंरेखता (निर्देशक एकमेकांशी फारच जुळलेले तर नाहीत ना) तपासावी लागते.

जुळणाऱ्या प्रश्नांसाठीही विभेदक वैधता, म्हणजे दोन संकल्पना खरंच वेगळ्या आहेत हे, वेगळी दाखवावी लागते. उपयुक्तता आणि समाधान यांचे प्रश्न एकमेकांत मिसळले असतील, तर दोन्हींचा अल्फा ०.९० असूनही आपण एकच गोष्ट दोनदा मोजलेली असू शकते.