मोतीच्या वयाला दोष देण्याआधी: दिंडोरीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या देखभालीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं की रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी हे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत. दिंडोरीकडच्या तुमच्या मळ्यात कुत्री भाकरी-दुधावर पंधरा-पंधरा वर्षं जगली, दवाखान्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. तुमचा मोती आता बारा वर्षांचा आहे, त्याचे मागचे पाय धरलेत, हल्ली पाणी जास्त पितो, पण वय झालं की हे व्हायचंच. थंडीत फारच लंगडायला लागला की तुमच्या गुडघ्याच्या गोळीतली अर्धी तुम्ही त्याला भाकरीत घालून देता आणि तो चालायला लागतो. शेवटी तुम्ही लिहिलंय की मी द्राक्षांची उगाच भीती घालते, मोती दर हंगामात बागेत पडलेली द्राक्षं खातो आणि त्याला आजवर काही झालेलं नाही.

बाकीचं सगळं नंतर बोलू. गोळी मात्र आजपासून बंद करा.

गुडघेदुखीच्या या गोळ्या दुखणं कमी करतात ते शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करून. पण हीच द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यांपैकी काहीही असो, कुत्र्याचं शरीर ते आपल्यासारखं पचवत नाही. नेप्रोक्सेन तर त्याच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राहतं. त्यामुळे अर्धी गोळी म्हणजे अर्धाच धोका, असा हिशोब इथे लागत नाही. पोटात जखमा होतात, आतल्या आत रक्त जातं, आणि बाहेर दिसते ती फक्त काळी, चिकट शी. मळ्यात कुत्रं कुठे जाऊन बसतं हे कोण बघतो? मोती चालायला लागतो हे खरं आहे, कारण दुखणं खरंच दबतं. पण त्याची किंमत शरीरात दुसरीकडे मोजली जात असते. डायक्लोफिनॅकचं नाव शेतकऱ्यांना नवीन नाही. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे बंदी आली.

कुत्र्यांसाठी वेदनाशामकं आहेत. कार्प्रोफेन आहे, फिरोकॉक्सिब आहे, ठरावीक मात्रेत मेलॉक्सिकॅम आहे. मात्रा किलोवर ठरते आणि ती पशुवैद्यानेच ठरवायची. ही औषधं नियमित सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंड कसं आहे ते रक्तातून बघावं लागतं. तुम्ही जिला चोचले म्हणता ती तपासणी याचसाठी असते. ती केल्याशिवाय योग्य औषधसुद्धा मोतीला निर्धास्तपणे देता येणार नाही. आणि दवाखान्यात गेलात की तुमच्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या, शेवटची अर्धी कधी दिली ते स्पष्ट सांगा. ते लपवलं आणि डॉक्टरांनी त्यावर दुसरं वेदनाशामक किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर रक्तस्राव होऊ शकतो. मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. तुम्हाला कोणी रागावणार नाही, आणि रागावलंच तरी सांगा.

आता पाणी. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य वाचून मी थांबले, कारण तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. मोती दिवसाला किती पाणी पितो ते एकदा मोजा. सकाळी त्याच्या भांड्यात लिटरच्या बाटलीने मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती उरलं ते बघा. मळ्यात पाट, हौद, ठिबकची गळती असं दुसरं पाणी असतं, तेव्हा तो एक दिवस त्याला अंगणातच ठेवा. किलोला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी रोज जात असेल तर ते वयामुळे नाही. म्हणजे मोती वीस किलोचा असेल तर दोन लिटर ही हद्द झाली. मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही तेव्हा पाणी वाहून जातं आणि कुत्रं ते भरून काढायला पीत राहतं. मधुमेहातही पाणी वाढतं. कुशिंग नावाचा ग्रंथींचा एक आजार आहे, त्यातही वाढतं. ज्यांच्याकडे नसबंदीचं ऑपरेशन न झालेली म्हातारी कुत्री आहे त्यांच्यासाठी इथेच सांगते: माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मूत्रपिंडाचं दुखणं फार उशिरा कळतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, वाढलेलं दिसतं तोवर साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. कुत्रं तोपर्यंत जेवतं, शेपटी हलवतं, राखणही करतं. लघवीची तपासणी त्याआधी इशारा देऊ शकते, आणि ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या डबीत धरायची, एवढंच काम.

काका, तुम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात: गोळी, पाणी आणि द्राक्षं. तिन्हींचा रस्ता मूत्रपिंडाकडे जातो. म्हणून मी एवढं लांबलचक लिहायला बसले.

द्राक्षांबद्दल तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. काही कुत्री मूठभर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहतात, काहींना थोड्याशा द्राक्षांनी काही तासांत उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतं. कोणतं कुत्रं कोणत्या बाजूला पडेल हे आधी ओळखायची सोय नाही. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते द्राक्षाच्या जातीनुसार, पिकण्यानुसार कमी-जास्त असतं, आणि म्हणूनच एका हंगामात पचलेली द्राक्षं पुढच्या हंगामात पचतीलच असं नाही. आणि मोतीचं शरीर चार वर्षांचं होतं तेव्हाचं आणि आताचं सारखं नाही. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे तो जास्तच वाईट. चिंचेतही हेच आम्ल आहे. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी जोरात असते, खाली घड पडलेले असतात, वर फवारणीचा अंश असतो तो वेगळाच. त्या दिवसांत मोतीला बागेबाहेर बांधा किंवा घराजवळ ठेवा. खाल्लीच आणि तुम्ही पाहिलंत, तर उलटी व्हायची वाट बघू नका, घरी मीठ पाजू नका, सरळ दवाखाना. पहिल्या काही तासांत उलटी करवून, सलाईन लावून बराच धोका टळतो.

भाकरी-दुधावर जगलेल्या कुत्र्यांविषयी तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, आणि ते मी मनापासून सांगते. मळ्यातलं कुत्रं सडसडीत असतं, मातीवर चालतं, दिवसभर हलतं. नाशिकमध्ये गंगापूर रोडला, इंदिरानगरला मी जी लॅब्रॅडॉर बघते त्यातल्या निम्म्यांच्या फासळ्या हाताला लागत नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं जोड्यांनी वाढवली, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. कमी खाणारी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. या एका बाबतीत शहरातल्या आम्ही तुमच्याकडून शिकायला हवं. पण तुमच्या मळ्यात जी कुत्री नवव्या-दहाव्या वर्षी गेली, ती कशाने गेली हे कोणी पाहिलं होतं का? लक्षात राहतात ती पंधरा वर्षं जगलेली. बाकीच्यांच्या बाबतीत आपण 'वय झालं होतं' म्हणून पुढे जातो, आणि ज्याला गोचीडतापाने नेलं त्याचाही हिशोब वयातच लागतो.

म्हातारपणी मांस-अंडी बंद करून नुसत्या भाकरीवर ठेवायचं, हेही बऱ्याच घरांत चालतं. उलट या वयात स्नायू झिजतात, त्यामुळे प्रथिनं कमी करून चालत नाही. भाकरीसोबत उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, दही द्या. दुधाने पोट ढिलं होत असेल तर ताक बरं. घरातला रस्सा नको, त्यातल्या कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर आहार बदलावा लागतो, तेव्हा मुख्य लक्ष फॉस्फरसवर असतं आणि हाडं पूर्ण बंद होतात. ते निदान झाल्यावर. आधीच अंदाजाने उपाशी ठेवू नका.

मागच्या पायांचं बोलू. कुत्रं दुखतंय म्हणून रडत नाही. ते उठायला वेळ घेतं, पायरीपाशी थांबतं, एकच सांधा चाटत राहतं, मांडीचे स्नायू हाताला पातळ लागतात. ज्या मोतीला कालपर्यंत नातवंडं लोंबकळायची तो आज अंगाला हात लावला की गुरगुरतो. आपण म्हणतो, म्हातारा झाला, चिडका झाला. दुखऱ्या जागी हात पडला म्हणून तो गुरगुरतो. ऐकू कमी येत असेल तर मागून गेलेला माणूस त्याला कळत नाही आणि तो दचकतो. समोरून जा, जमिनीवर पाय आपटा, हादरा त्याला कळतो. नातवंडांना हे आधी शिकवा.

दुखणं कमी करायला गोळीशिवाय खूप काही करता येतं आणि त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. निफाड-दिंडोरीची थंडी तुम्हाला मी काय सांगणार. पहाटे फरशीवर झोपलेल्या कुत्र्याचे सांधे आखडणारच. पोत्यात भुस्सा किंवा वाळलेला पाला भरून जाड गादी करा, वरून जुनी गोधडी घाला, वाऱ्याच्या आड ठेवा. कोपरांवर घट्टे पडले असतील तर गादी पातळ आहे असं समजा. शहरातल्या वाचकांनो, तुमच्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, त्याच्या रोजच्या वाटेवर रबरी मॅट किंवा तरट टाका. चालणं बंद करू नका, तुकड्यांत करा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून बघा, टेकवत नसेल तर तो त्याच्या पावलांनाही सोसणार नाही. नखं बघा. चालणं कमी झालं की ती झिजत नाहीत, आणि अंगठ्याचं नख वळून मांसात शिरतं. नुसतं ते कापलं तरी काही कुत्री नीट चालायला लागतात.

तोंड उघडून बघा. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याने अन्न सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता जायची वेळ झाली. त्याच्या डोळ्याखाली सूज होती. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला की सूज तिथेच येते. दाढ काढली आणि चार दिवसांत ते पुन्हा भांडं चाटायला लागलं. भाकरी चावताना दुखते म्हणून न खाणं आणि जगण्याचा कंटाळा येणं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. म्हणूनच बघायचं असतं. डोळ्यांवरची निळसर झाक मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, भिंग घट्ट झाल्यामुळे ती येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहतं. डोळ्याची बाहुली पांढरीशुभ्र दिसू लागली तर मोतीबिंदू.

आणखी एक सोपी गोष्ट: मोती गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मिनिटभर मोजा. रोज ३० च्या वर जात असतील, किंवा रात्रीचा खोकला असेल, तर हृदय तपासून घ्या.

तुम्ही लिहिलंय, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं. चौदा वर्षांच्या कुत्र्याचं मोठं ऑपरेशन केलंच पाहिजे असं मीही म्हणत नाही. कित्येकदा न करणंच बरं असतं. पण काय चाललंय हे कळल्यावर काही न करणं वेगळं, आणि न बघता सोडून देणं वेगळं. दुखणं कमी करणं तर दोन्ही परिस्थितींत आपल्या हातात आहे. खर्चाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, खाजगी दवाखान्यांचे दर सगळ्यांना झेपत नाहीत. तुमच्या गुरांना जो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना पाहतो तिथे मोतीलाही दाखवता येतं. सोनोग्राफी राहू द्या. एकाच गोष्टीला पैसे असतील तर मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी आणि सोबत लघवी, एवढं करा.

या आठवड्यात जमेल ते असं: गोळी बंद, पाण्याचं माप, शीचा रंग, आणि मोतीचं वजन. घरच्या काट्यावर त्याला उचलून उभे राहा आणि मग तुमचं वजन वजा करा. पाठ दुखत असेल तर मुलाला सांगा. चारही गोष्टी इथे खाली लिहा. शी काळी दिसली किंवा उलटी झाली तर मात्र लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.