काचेचं बटण ‘गेलं’ म्हणण्याआधी

सोलापूरच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: पॉवर विंडोचं, म्हणजे दाराची काच वर-खाली करणारं बटण बंद पडलं की ते दुरुस्त होत नाही, थेट नवीन बोर्ड (दारावरची बटणांची पाटी) टाका. तोवर बटणात डिझेल सोडा, फ्यूज उडत असेल तर मोठा घाला, कारचं स्वस्त बटणही चालतं, आणि अगदीच अडलं तर मोटार बॅटरीला डायरेक्ट जोडा. हे ऐकून लोक पैसे घालवताहेत आणि गाडीही धोक्यात घालताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बटण दुरुस्त होत नाही.’ बहुतेक वेळा होतं. काचेची मोटार डीसी असते. प्लस-मायनस उलटे केले की ती उलटी फिरते. ही अदलाबदल बटणातल्या छोट्या पत्त्या (धातूच्या पट्ट्या) करतात. दर वेळी बारीक ठिणगी पडते, पत्त्या जिथे टेकतात त्या पॉइंटवर कार्बन धरतो, त्यात होटगीकडून सिमेंट भरणाऱ्या गाड्यांच्या केबिनमधली धूळ. बॅटरी सोडवा, बोर्ड काढा, बटणाच्या बाजूचे लॉक अलगद उचला. आतली स्प्रिंग उडते, म्हणून खाली पांढरं कापड पसरा. काळे पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये (इलेक्ट्रिक पॉइंट साफ करायचा स्प्रे) भिजवलेल्या जाड कागदाच्या घडीने पुसा. कानस लावू नका, वरचा मुलामा निघाला की पॉइंट पुन्हा लवकर जळतो. नव्या काही मॉडेलांत बटण फक्त कंट्रोल युनिटला सिग्नल देतं. तिथे आधी स्कॅनर (गाडीतला दोष वाचणारं यंत्र) लावून बघावं.

पण बटण उघडण्याआधी दोष त्याचाच आहे का, हे बघा. माझा सगळा जोर इथेच आहे. बटण दाबून धरा आणि दार हळूहळू उघड-बंद करा. एखाद्या कोनात काच हलली तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलीय. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं, आतली तार गेलेली असते. बटण दाबल्यावर मोटार कण्हते पण काच सरकत नाही, तर करंट पोचतोय. बहुधा काचेची रबरी पट्टी सुकलीय किंवा काच तिरकी बसलीय. पट्टीला सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको. आणि क्लीनरच्या (ड्रायव्हरच्या मदतनिसाच्या) बाजूची काच तिथल्या बटणाने चालत नसेल तर ड्रायव्हरकडचा बोर्डही तपासा. कित्येक गाड्यांत त्या काचेच्या मोटारीचं अर्थिंग (मायनसची जोडणी) ड्रायव्हरच्या बटणातून फिरून येतं. क्लीनरकडचं चांगलं बटण फेकून नवीन घालतात आणि काच होती तिथेच राहते.

‘डिझेल सोडा.’ त्याचा तेलकट थर आत राहतो आणि धूळ धरून ठेवतो. दोन दिवस बरं वाटतं, पुढे पॉइंट आणखी चिकट होतात.

‘मोठा फ्यूज घाला.’ हा सल्ला सगळ्यात घातक. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की फ्यूजऐवजी वायर तापते, तीही दाराच्या आणि डॅशबोर्डच्या आत, जिथे धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रात्री हैदराबाद रोडला गाडी लावून माणसं त्याच केबिनमध्ये झोपतात. फ्यूज सारखा उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासतेय किंवा मोटार अडकतेय, ते शोधा.

‘कारचं बटण चालतं.’ कार 12 व्होल्टची, आपले मोठे ट्रक 24 चे. जास्त व्होल्टला पॉइंट सुटताना ठिणगी लांबते, ते लवकर जळतात, आतला दिवाही जातो. पिनाही जुळतीलच असं नाही.

‘डायरेक्ट जोडा.’ पावसात काच खाली अडकली असेल तर तेवढ्यापुरतं, मध्ये योग्य फ्यूज ठेवून, काच वर घेण्यासाठी ठीक. वर गेली की लगेच वायर काढा. कायमचं जोडून ठेवणं म्हणजे फ्यूजशिवाय उघडी वायर बाळगणं.

आता नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. सोलापूरच्या मे महिन्यात काच अर्धवट उघडी राहिली तर त्या एसीचा ड्रायव्हरला उपयोग नाही, त्यामुळे दुरुस्ती टाळूही नका. आतलं प्लास्टिक वितळलं असेल, पॉइंटला खड्डा पडला असेल किंवा पत्ती तुटली असेल, तर नवीन बटण घ्याच. जुन्यावरचा पार्ट नंबर आणि 24 व्होल्टचा शिक्का बघून, जुनं बटण हातात घेऊनच दुकानात जा.