बटण, जायरो की खरा रिमोट : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

डॉल्फिन हा एम्युलेटर निन्टेन्डोच्या वी या गेमयंत्राचे गेम कॉम्प्युटरवर चालवतो. त्याला वीचा मूळ रिमोट (हात हलवून खेळायचा कंट्रोलर) कसा जोडायचा, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा सूर कडक आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही सावकाश देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : २००६ सालचं हार्डवेअर आज लोकांना विकत घ्यायला लावणं चूक आहे. घरात असलेल्या प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरमध्ये चांगला जायरोस्कोप (वळण मोजणारा सेन्सर) आहे, नेम धरायला माउस आहे, आणि हात हलवायची क्रिया एखाद्या बटणावर टाकली की काम भागतं. तेव्हा रिमोट, सेन्सर बार (टीव्हीवर ठेवायची पट्टी), ब्लूटूथ डोंगल हा सगळा खटाटोप 'निव्वळ जुन्या आठवणींपोटी' आहे. शिवाय टीव्हीला जोडून खेळताना फटका उशिरा बसतो, त्याचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंत.

बटणापासून सुरुवात करतो, कारण माझा खरा मतभेद तिथेच आहे.

डॉल्फिनमध्ये रिमोट 'एम्युलेटेड' (खरा न जोडता, नकली) ठेवला की शेक, टिल्ट, स्विंग (झटकणं, कलवणं, झोका देणं) अशा हालचाली बटणांवर टाकता येतात. स्विंगचं बटण दाबलं की डॉल्फिन हाताच्या झोक्याचे आकडे स्वतः तयार करतो आणि रिमोट असा असा हलला, असं गेमला कळवतो. झोका किती लांब, किती वेगाचा हे सेटिंगमध्ये बदलता येतं, पण एकदा ठरवलं की दर वेळी तोच झोका. वी स्पोर्ट्स या गेममधल्या टेनिसला हे चालून जातं. तिथे खेळाडू आपला आपण धावतो आणि चेंडू कुठल्या बाजूला जाणार ते मुख्यतः तुम्ही लवकर मारलात की उशिरा, यावर ठरतं. तुमचा अनुभव टेनिसचा असेल तर बटण पुरतं, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

पण त्याच गेममधलं बोलिंग घ्या. बी बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणता आणता बटण सोडायचं. हात जोरात आला तर चेंडू वेगाने सुटतो. सोडताना मनगट जरा जरी आत वळलं, तर चेंडू सरळ निघून पिनांपाशी वळतो. हे सगळं रिमोटमधला वेगातला बदल मोजणारा सेन्सर, म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर मोजत असतो. तीन दिशांना साधारण गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, म्हणजे तीन जीपर्यंतचा जोर त्याला कळतो, आणि रिमोट स्थिर असताना गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे आहे तेही कळतं. म्हणूनच दोन माणसांचा चेंडू सारखा पडत नाही. बटणाने टाकलेला चेंडू मात्र कोणीही टाकला तरी एकच. एक स्ट्राइक (एकाच चेंडूत सगळ्या पिना पाडणं) जमवणारी सेटिंग सापडली की पुढे खेळण्यासारखं काही उरत नाही.

माझ्या आईने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. चार बटणं कुठली काय करतात हे तिला सांगत बसलो असतो, तर दुसऱ्या मिनिटाला ती उठून गेली असती. रिमोट हातात दिला, मनगटात पट्टा अडकवला, 'हात मागे ने, पुढे आणताना सोड' एवढंच सांगितलं. तिचा चेंडू सारखा डावीकडे जायचा. मग तिनेच उभं राहायची जागा बदलून बघितली, मनगट ताठ ठेवून बघितलं, आणि चेंडू मधोमध जाऊ लागला. वी दहा कोटींहून जास्त विकला गेला त्यामागे अशी माणसं होती. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांच्या काळात निन्टेन्डोने कधीही गेम न खेळलेल्यांसाठीच तो आखला होता. एम्युलेटरवर आपण चित्र मूळ यंत्राहून कितीतरी स्वच्छ करून घेतो. मग ज्या गोष्टीसाठी ते यंत्र बनलं तीच बटणावर टाकणं मला पटत नाही. याला तुम्ही आठवणींपोटी म्हणालात, पण माझ्या आईला वीच्या कसल्याच आठवणी नव्हत्या.

आता नेम धरण्याचं. इथे बऱ्याच जणांची समजूत अशी असते की टीव्हीवरची पट्टी, म्हणजे सेन्सर बार, रिमोटला बघते. प्रत्यक्षात पट्टीत दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडींचे दोन गट असतात, बाकी काहीच नाही. बघायचं काम रिमोट करतो. त्याच्या टोकाला काळ्या काचेमागे छोटा इन्फ्रारेड कॅमेरा आहे, तो एका वेळी चार ठिपक्यांपर्यंतच्या जागा सांगू शकतो. दोन ठिपके चित्रात कुठे आहेत यावरून रोख कळतो, त्यांच्यातल्या अंतरावरून तुम्ही किती लांब आहात ते, आणि त्यांची रेघ किती कलली आहे यावरून मनगट किती फिरलंय ते. म्हणूनच पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी खेळता येतं. दिवाळीत दोन पणत्यांनीही भागेल, फक्त टीव्हीखाली ज्योत ठेवू नका. खिडकीतून थेट ऊन येत असेल किंवा पिवळा बल्ब समोर असेल तर कर्सर थयथयाट करतो, त्याचंही कारण हेच.

तुमच्या ड्युअलशॉकमध्ये जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर दोन्ही आहेत आणि ते चांगले आहेत, यात वाद नाही. पण टीव्ही कुठे आहे हे त्यांना माहीत नाही. जायरो फक्त किती वेगाने वळलो एवढं सांगतो. त्याची बेरीज करत करत दिशा काढावी लागते. डोळे बांधून खोलीत चालावं आणि आपण किती वळलो याचा मनात हिशोब ठेवत जावं, तसं हे आहे. प्रत्येक वळणाला बारीक चूक होते आणि ती साठत जाते. वर-खाली कललेलं गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने दुरुस्त करता येतं, पण डावी-उजवीकडे सरकलेलं कशाच्या आधारावर दुरुस्त करणार? म्हणून डॉल्फिनमध्ये जायरोने नेम धरताना 'रिसेंटर'साठी (कर्सर पुन्हा मधोमध आणण्यासाठी) एक बटण राखून ठेवावं लागतं. निवांत खेळात त्याचा त्रास नाही. समोरून झुंड चालून येतेय आणि मधेच रिसेंटर करावं लागतंय, अशा बंदूकवाल्या गेममध्ये मात्र जीव जातो. माउसने नेम अचूक लागतो, मान्य, पण मनगट वळवून काही फिरवायचं असेल तर माउस ते सांगू शकत नाही, आणि सोफ्यावर बसून माउस चालवायचा तरी कुठे?

तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, ते मीच देतो. २०११ च्या झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड या वीवरच्या गेमला मोशनप्लस लागतंच, म्हणजे रिमोटला जोडायचा किंवा आतच असलेला जायरोस्कोप. त्यात नेमसुद्धा इन्फ्रारेडऐवजी जायरोनेच धरला जातो आणि मधे मधे रिसेंटर करावं लागतं. तोंड आडवं उघडणाऱ्या मांसाहारी रोपट्याला आडवाच वार लागतो, उभं उघडलं की उभा. २०२१ मध्ये निन्टेन्डोच्याच स्विच या नंतरच्या यंत्रावर हाच गेम आला तेव्हा निन्टेन्डोने तलवार उजव्या स्टिकवर चालवायची सोयही दिली. तेव्हा एवढ्या एका गेमसाठी कोणी खरा रिमोट शोधत असेल तर मी त्याला थांबवेन. जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे छोटे कंट्रोलर, घरात असतील तर ते वापरा. एका हातात मावतात, पट्टा असतो, आत दोन्ही सेन्सर आहेत. ड्युअलशॉक दोन हातांनी धरायची वस्तू आहे. एका हाताने फिरवलात तर कधीतरी तो टीव्हीवर जाईल.

खर्चाची तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. पट्टी विकत घेऊ नका. मूळ पट्टीचा प्लग तसाही कॉम्प्युटरला बसत नाही, आणि वीज सोडून तिला दुसरं काही लागत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला इन्फ्रारेड एलईडी किरकोळ भावात मिळतात. तीन-तीन एलईडी ओळीने जोडा, प्रत्येक ओळीला ४७ ओहमचा रेझिस्टर लावा आणि जुन्या यूएसबी वायरीतून पाच व्होल्ट द्या. दोन गटांत वीसेक सेंटिमीटर अंतर ठेवा. पेटले की नाही ते डोळ्यांना दिसणार नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, फिकट जांभळे ठिपके दिसतात. पट्टी झाली.

रिमोट घेताना मात्र पैसे वाचवायला जाऊ नका. नव्या कोऱ्या वेष्टनात स्वस्तात मिळणारे बरेचसे नकली असतात. जोडणीला त्रास देतात आणि 'मोशनप्लस' लिहिलेलं असलं तरी आत असेलच असं नाही. त्यापेक्षा जुना, मूळ रिमोट बरा. मागचं झाकण उघडून सेलच्या जागी हिरवट-पांढरा थर आलाय का बघा. आला असेल तर सोडून द्या. तिथेच लाल रंगाचं सिंक बटण असतं, तेही दाबून बघा. २०१० नंतरच्या 'प्लस' रिमोटमध्ये जायरो आतच आहे. त्यांतले काही ब्लूटूथच्या यादीत नावापुढे 'टीआर' दाखवतात आणि विंडोजवर जोडताना हमखास कटकट करतात.

या कटकटीवर दोन उपाय. मेफ्लॅश कंपनीचा डॉल्फिनबार घेतलात तर पट्टी आणि ब्लूटूथ एकातच येतं. मोड चारवर ठेवायचा, की डॉल्फिनला तो खरा रिमोट म्हणून दिसतो. नाहीतर एक वेगळा यूएसबी ब्लूटूथ डोंगल 'पासथ्रू'साठी (तो थेट डॉल्फिनच्या ताब्यात देण्यासाठी) राखून ठेवा. विंडोजवर त्यासाठी झॅडिग या प्रोग्रॅमने ड्रायव्हर बदलावा लागतो आणि मग तो डोंगल विंडोजला वापरता येत नाही, म्हणून लॅपटॉपच्या आतल्या ब्लूटूथवर हा प्रयोग करू नका, हेडफोन बंद पडतील. पासथ्रूचा फायदा असा, की रिमोट प्रत्यक्ष वीशी बोलावा तसा बोलतो आणि त्याच्या छोट्या स्पीकरचा आवाजही नीट येतो.

राहता राहिला उशिरा बसणारा फटका. त्यात रिमोटचा किंवा तुमच्या ड्युअलशॉकचा दोष बहुधा नसतो. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रत्येक फ्रेम थोडा वेळ अडवून धरतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. मग टेनिसची एक फेरी बटणावरच खेळून बघा. तरीही उशीर जाणवला तर तुमचं ग्राफिक्स कार्ड आणि टीव्हीचं मॉडेल इथेच खाली लिहा, पुढचं तिथून बघू.