आतडी ‘धुण्याचा’ तो मेसेज पुढे पाठवू नका

“आतड्यातले जंतू रोज विष सोडतात. ते आतून थरासारखे साचते आणि त्यातूनच कोलायटिस, कॅन्सर होतो. दर सहा महिन्यांनी तीन दिवस अँटिबायोटिक घ्या, चौथ्या दिवशी एरंडेल, मग रोज सोलकढी. पोटाच्या बाकी सगळ्या गोळ्या बंद.” गोव्यातल्या डिचोली-फोंड्याच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. फोंड्याच्या माझ्या मावशीने तो वाचून कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या, गोळ्या सोडल्या आणि शौचातून पुन्हा रक्त जायला लागल्यावरच घरात सांगितले. तिला तो पाठवणारी माणसे जवळचीच आहेत, याचा जास्त राग येतो.

जंतू विष बनवतात, एवढे मान्य करावेच लागते. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या काही वाणांकडे कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवणारी जनुके असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या इवल्या आतड्यांत असे जंतू पाच महिने पुन्हापुन्हा सोडले. पेशींच्या डीएनएत एका ठरावीक धाटणीचे बदल झाले आणि नेमके तेच बदल मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सररुग्णांच्या गाठींतही सापडले. हे संशोधन 2020 साली ‘नेचर’मध्ये आले. पण हे जंतू कित्येक धडधाकट माणसांच्या पोटातही असतात, आणि तीन दिवसांच्या गोळ्यांना तेवढेच वाण वेचून मारता येत नाहीत.

थर साचण्याची गोष्ट तर साफ खोटी. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. वर्षानुवर्षे काही चिकटून बसायला तिथे जुनी भिंतच उरत नाही.

आता अँटिबायोटिक. या मेसेजमधले सर्वांत घातक वाक्य हेच. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल नावाचा जंतू काहींच्या आतड्यात गप्प पडून असतो, कारण बाकीचे जंतू त्याला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते बाकीचे मरतात. डिफिसिलचे बीजाणू (कवचात झोपलेले रूप) मात्र गोळीला दाद देत नाहीत, आणि मोकळे रान मिळाले की तो फोफावतो. मग तो दोन विषे सोडतो, ए आणि बी. ती पेशीत शिरून तिचा आतला सांगाडा मोडतात, पेशींमधले सांधे सुटतात, पाण्यासारखे जुलाब लागतात. आजार बळावला तर मोठे आतडे फुगते, फाटू शकते, माणूस दगावतो. म्हणजे विष घालवायचे म्हणून सांगितलेला उपायच आतड्यात विष तयार करू शकतो! कोलायटिसच्या रुग्णांना हा धोका इतरांपेक्षा जास्त. आणि असल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणा म्हणून लोकांना सांगायचे?

एरंडेलाने हे विष धुतले जात नाही, शरीरातले पाणी आणि क्षार जातात. सुजलेल्या आतड्याला ते देऊच नये. सोलकढी हुमण (माशांची आमटी) आणि भाताबरोबर आम्हीही पितो, पण या विषांवर ती औषध नाही.

राहिल्या बंद करायला सांगितलेल्या गोळ्या. मावशीची मेसालामाइन नावाची गोळी जंतू मारायला नसतेच, ती आतड्याच्या अस्तराची सूज आटोक्यात ठेवते. बरे वाटते म्हणून सोडली की आजार उलटण्याची शक्यता वाढते.

मेसेजमधला हा प्रयोग कोणी आधीच केला असेल आणि दिवसाला तीन किंवा जास्त वेळा पातळ होत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांना घेतलेल्या अँटिबायोटिकचे नाव सांगा, कोर्स संपून महिना-दोन महिने झाले असले तरी सांगा. शौचाच्या तपासणीत डिफिसिलचे विष शोधता येते आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. रक्त पडत असेल, ताप असेल, पोट फुगले असेल तर त्याच दिवशी बांबोळीचे सरकारी हॉस्पिटल गाठा.